सायकलवाटा : चांगथांगबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात लेहहून त्सो मोरीरीपर्यंतच्या माउंटन बायकिंग सहलीबद्दल लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्यांनाच देते आहे. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: माझं वडोदऱ्यात, रावपुऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि उन्हाळ्यात मी एका लडाखी गाइडच्या तुकडीबरोबर मेकॅनिक म्हणून जाते. वाट अशी आहे. लेहहून सिंधूच्या काठाने उपशी, तिथून वर रुमत्से, मग ५,३२८ मीटरची तांगलांग ला खिंड, उतरून डेबरिंग, डावीकडे वळून त्सो कार सरोवर, पोलोगोंगका ला ओलांडून पुगा, सुमदो आणि शेवटी त्सो मोरीरीच्या काठावरचं कोरझोक. परतताना माहे आणि चुमाथांगवरून पुन्हा सिंधूकाठ. रुमत्सेच्या पुढचा हा सगळा उंच, कोरडा, जवळजवळ झाडं नसलेला प्रदेश म्हणजे चांगथांग. चांगपा लोक इथे शेळ्या-मेंढ्या आणि याक घेऊन ऋतूप्रमाणे मुक्काम हलवत राहतात.

ताई, मी ४७ वर्षांचा, मांजलपूरला राहतो, बँकेत नोकरी. दर रविवारी डभोईपर्यंत जाऊन परत येतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. मित्र म्हणतात, आपल्या वडोदऱ्यात चढच नाही, तू लडाखला काय जाणार? खरंच जमेल का?

दादा, डभोईला जाऊन-येऊन करणाऱ्या माणसाचे पाय कमी पडत नाहीत. तिथे अडतं ते हवेपाशी. आपलं वडोदरा समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर. लेह ३,५०० मीटरवर आणि त्सो कार ४,५०० च्या वर. त्या उंचीवर एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन इथल्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो, आणि तांगलांग लावर तो निम्म्याच्या आसपास येतो. तुम्ही कितीही तगडे असलात तरी शरीराला त्याची सवय व्हायला दिवसच लागतात. उलट तरुण, जोमदार पोरं पहिल्याच दिवशी लेहच्या चढांवर सायकल दामटतात आणि रात्री डोकं धरून बसतात, हे मी दरवर्षी बघते.

विमानाने लेहला उतरलात की पहिले दोन दिवस सायकलला हात लावायचा नाही. चालायचं, तेही रमतगमत. पाणी प्यायचं, दारू अजिबात नाही, झोपेच्या गोळ्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शे आणि ठिकसेपर्यंत सपाटीवरून हलकी फेरी. साधारण ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विसाव्याचा दिवस ठेवावा, असा डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला आहे. म्हणून आमचा गाइड लेहहून थेट रुमत्सेला मुक्काम करत नाही, मध्ये एक रात्र थांबवतो. कोणी 'दुसऱ्या दिवशी त्सो कार' असा कार्यक्रम देत असेल तर तो स्वस्त असला तरी घेऊ नका. वाचलेल्या दोन रात्रींचे पैसे तुमच्या फुप्फुसांतून वसूल होतात.

डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं हे सुरुवातीचं. असं झालं की वर चढायचं नाही, तिथेच थांबायचं आणि गाइडला सांगायचं. लपवायचं नाही. लपवणारे मला सगळ्यात जास्त घाबरवतात, कारण त्यांना वाटतं आपल्यामुळे सगळ्यांचा दिवस वाया जाईल. तोल जायला लागला, बोलणं अडखळलं, बसल्या जागी धाप लागली, खोकल्याबरोबर फेस आला, तर प्रश्नच नाही, त्याच क्षणी गाडीने खाली, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी. ऑक्सिजनची नळकांडी आणि औषधं वेळ काढायला मदत करतात, उतरण्याची जागा घेत नाहीत.

रक्तदाबाचं तुमच्या डॉक्टरांशी बोला, आणि बोलताना उंचीचे आकडे सांगा. 'लडाखला जातोय' एवढंच सांगितलं की ते फिरायला जाताय असं समजतात. उंचीच्या त्रासासाठी जी गोळी देतात ती घ्यायची की नाही, किती घ्यायची, हेही तेच ठरवतील. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका.

सरावाबद्दल. चढ नाही हे खरं, पण पावागढ आहे ना. पहाटे चांपानेरला गाडीने जाऊन माचीपर्यंतचा घाट दोनदा, पुढे तीनदा चढा. सणावाराला आणि नवरात्रात तिथे गर्दी असते, ते दिवस टाळा. बाकीच्या रविवारी जांबुघोडाच्या बाजूच्या कच्च्या वाटा धरा, तिथे खडी, वाळू, छोटे चढउतार सगळं मिळतं. आणि वारा! उन्हाळ्यात नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर पाद्रा-जंबुसरच्या रस्त्याने दोन तास जा. चांगथांगमध्ये दुपारनंतर वारा सुटतो आणि सपाट रस्त्यावरही चढासारखा जोर लावावा लागतो. तेव्हा हे वाऱ्यातले तास कामी येतात.

स्वतःची सायकल न्यावी की लेहमध्ये भाड्याने घ्यावी? माझ्याकडे ई-बाइक आहे, ती चालेल का? (अलकापुरीहून एक वाचक)

ई-बाइक विमानात नेता येणार नाही. तिची लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून न्यायला परवानगी मिळत नाही. शिवाय चांगथांगमध्ये चार्जिंग कुठे करणार?

साध्या माउंटन बाइकबद्दल विचाराल तर, बसून-बसून तुमच्या अंगाला जमलेली सायकल असेल तर न्या. सीटची उंची, हँडलची रुंदी, मनगटाचा कोन, हे सगळं शरीराला माहीत असतं. नाहीतर लेहमध्ये चांगल्या सायकली भाड्याने मिळतात, फक्त आधी फोटो मागवून फ्रेमचा साइज विचारून घ्या. नेणार असाल तर खोक्यात भरताना पेडल काढा, हँडल आडवं करा, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सोडवून फ्रेमच्या आत बांधा, डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये प्लॅस्टिकची पट्टी अडकवा म्हणजे चाक नसताना ब्रेक दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येत नाहीत. टायरमधली हवा कमी करा. हवेच्या छोट्या गॅस काडतुसांच्या भानगडीत पडू नका, साधा हातपंप घ्या.

टायर किमान सव्वादोन इंची. त्सो कारच्या आसपास क्षाराची भुसभुशीत माती आणि वाळू आहे, अरुंद टायर त्यात रुततो. चेनला जाड तेल लावू नका, धूळ चिकटून दुसऱ्या दिवशी चेन करकरायला लागते. कोरड्या हवेसाठीचं पातळ वंगण रोज संध्याकाळी, फडक्याने पुसून. दोन ट्यूब, ब्रेक पॅडची एक जास्तीची जोडी, डिरेलर हँगर (तो तुमच्या फ्रेमचाच लागतो, दुसऱ्याचा बसत नाही), आणि तुमच्या चाकाच्या मापाचे चार स्पोक. बाकीचं माझ्या पेटीत असतं.

आम्ही शुद्ध शाकाहारी. शिवाय मी श्रावणात जाणार, सोमवार सोडत नाही. चांगपांच्या तंबूत लोणी घातलेला चहा देतात म्हणे. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल का? (दांडियाबाजारातून एक वाचिका)

लोण्याचा चहा शाकाहारीच आहे हो. चहा, मीठ, लोणी, कधी दूध, एवढंच. तो चहा म्हणून प्यायला गेलं तर पहिला घोट चमत्कारिक लागतो. तिथल्या थंडीत आणि कोरडेपणात मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही, ओठ फुटत नाहीत, अंगात ऊब राहते. पेला अर्धा झाला की यजमान पुन्हा भरतात. पुरे असेल तर पेला भरलेलाच ठेवा, आणि निघताना थोडा पिऊन उठा. कोणी दुखावत नाही. वाळवलेलं चीज म्हणजे छुर्पे, भाजलेल्या जवाचं पीठ, दही, हेही तुम्हाला चालेल. थुकपा, म्हणजे शेवयांचं सूप, घेताना तो मांसाचा आहे का ते विचारून घ्या, थंड प्रदेशातल्या मेंढपाळांच्या जेवणात मांस नेहमीचंच असतं. छांग ही जवाची दारू, ती उंचीसाठी टाळाच.

उपवासाबद्दल मात्र मी कडक आहे. सायकल चालवण्याच्या दिवशी निराहार राहू नका. फळं, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, साबुदाण्याची खिचडी घेऊन सोमवार करा. आमचा आचारी गेली काही वर्षं साबुदाणा शिकून बसला आहे, पण ४,५०० मीटरवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून भिजवायला जास्त वेळ द्यावा लागतो. प्रेशर कुकरशिवाय डाळ तर शिजतच नाही. थेपले घेऊन चला, ते आठवडाभर टिकतात आणि वाटेत सगळ्यांना आवडतात.

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्र शिकतो. माझा प्रश्न वेगळा आहे. आपण शहरी लोक महागड्या सायकली घेऊन भटक्या लोकांच्या भागात जायचं, त्यांचे फोटो काढायचे आणि परत यायचं, हे योग्य आहे का? आणि जायचंच असेल तर त्यांच्या मुलांसाठी कपडे, बिस्किटं न्यावीत का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि सगळ्यात जास्त जागा तुम्हालाच देते आहे.

आधी ते लोक काय करतात ते बघा. चांगपांच्या शेळीला चांगरा म्हणतात. हिवाळ्यात तापमान उणे तीसच्या खाली जातं तेव्हा तिच्या अंगावर केसांच्या आत एक तलम लोकर वाढते. तीच पश्मीना. तिचा धागा १२ ते १५ मायक्रॉनचा. वसंत संपताना शेळी ती लोकर आपणहून टाकायला लागते आणि तेव्हा लोखंडी फणीने विंचरून ती काढतात. कातरत नाहीत. एका शेळीमागे हाती येते ती पाव किलोच्या आसपास, आणि त्यातही केस-कचरा काढल्यावर आणखी कमी. लडाखच्या पश्मीनाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या शालींची किंमत ऐकून आपण दुकानातून मागे फिरतो, त्यांची सुरुवात या कुरणांवर आहे.

आणि ही कुरणं रिकामी नाहीत. बाहेरच्याला वाटतं, मैलोन्‌मैल कोणी नाही, कुठूनही सायकल घालावी. प्रत्यक्षात कुठल्या गटाने कुठल्या महिन्यात कुठल्या खोऱ्यात चारायचं हे ठरलेलं असतं. हिवाळ्यासाठी राखलेलं गवत उन्हाळ्यात तोडत नाहीत. झऱ्यांच्या आसपास जी हिरवी, ओलसर, उशीसारखी कुरणं दिसतात, ती वर्षातले जेमतेम तीन-चार महिने वाढतात. त्यावरून दहा सायकली गेल्या की टायरच्या चाकोऱ्या पडतात, पाणी त्या चाकोरीतून वाहून जातं आणि शेजारचं गवत सुकतं. म्हणून आमच्या तुकडीत वाट सोडून सायकल घालणाऱ्याला मी स्वतः खाली उतरवते. दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालेल.

२०१३ च्या हिवाळ्यात तिथे अवेळी भरमसाट बर्फ पडला. गवत बर्फाखाली गेलं आणि हजारो शेळ्या-मेंढ्या मेल्या. पिल्लांची तर मोजदादच नको. घरातलं सगळं भांडवल चार पायांवर उभं असतं, आणि ते एका महिन्यात जातं. खरनाक भागातली कित्येक कुटुंबं लेहजवळ चोगलमसरच्या बाजूला येऊन राहिली, तिथल्या वस्तीचं नावच खरनाकलिंग पडलं. मुलांची शाळा, दवाखाना, म्हाताऱ्यांना न सोसणारी थंडी, ही त्यांची कारणं आपल्याला न कळण्यासारखी नाहीत. पुग्यात भटक्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा आहे, आपण तिच्या जवळूनच जातो. काही कुटुंबांकडे अजून याकच्या केसांचा विणलेला काळा तंबू, रेबो, आहे. बऱ्याच जणांकडे आता कॅनव्हासचा. सौर दिवे असतात, काहींकडे गाडी असते. 'अस्सल भटके' बघायला आलेल्या माणसाची निराशा होते ती होऊ दे. ते आपल्यासाठी म्हणून तसे राहत नाहीत.

तुम्ही वडोदऱ्याचे, म्हणून जवळचं सांगते. दिवाळीनंतर पाद्र्याच्या, करजणच्या बाजूला जा. शेतं मोकळी झाली की कच्छकडून आलेले रबारी मेंढ्यांचे कळप घेऊन उतरलेले दिसतात. शेतकरी त्यांना आपल्या शेतात कळप बसवू देतात, जमिनीला खत मिळतं, मालधाऱ्याला चारा. त्यांच्या तळावर आपण न विचारता शिरतो का? बाई शेळी पिळत असताना तिच्या तोंडावर कॅमेरा धरतो का? रस्त्यात कळप आला तर हॉर्न वाजवून घुसणारे असतात, पण समजदार माणूस गाडी बंद करून थांबतो. तेवढंच तिकडे करायचं. त्यासाठी लडाखची वाट बघायची गरज नाही, सराव इथेच करता येतो. आणि मी तुम्हाला खरोखरच सुचवते, जाण्याआधी एक संध्याकाळ अशा तळावर जा, कुठून आलात, पुढे कुठे जाणार, पाऊस कसा झाला हे विचारा. तिथे जे प्रश्न विचारायला सुचतील तेच कोरझोकमध्ये विचारा.

कळप समोरून येत असेल तर लांबूनच सायकलवरून उतरायचं. डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही. भडक जॅकेट, चमकणारं हेल्मेट आणि वेगाने येणारं काहीतरी बघून शेळ्या फुटतात, मग त्या गोळा करायला त्या माणसाची दुपार जाते. संध्याकाळी दूध काढायची वेळ असते. शेळ्यांना समोरासमोर दोन रांगांत, माना एकमेकींत अडकवून एका दोरात बांधतात आणि बायका रांगेने दूध काढत जातात. बघण्यासारखं दृश्य आहे. पण लांबून, गाइडने विचारल्यावर, आणि 'फोटो नको' म्हटलं की कॅमेरा खिशात.

बिस्किटं-चॉकलेटं नेऊ नका. दातांचा डॉक्टर तिथून कित्येक तासांवर आहे, आणि सायकली दिसल्या की रस्त्यावर हात पसरून धावायचं हे मुलांना आपणच शिकवतो. जुने कपडेही नकोत. द्यायचंच असेल तर पैसे द्या, कामाचे आणि वस्तूचे. कोरझोकला होमस्टेमध्ये राहा. घरच्या बाईने विणलेले मोजे, टोपी घासाघीस न करता घ्या. तुमच्या तुकडीत स्वयंपाकी, घोडेवाले, गाइड तिथलेच आहेत का हे आयोजकाला विचारा. दिल्लीहून सगळी माणसं आणणारा आयोजक मी निवडत नाही. आणि भेट न्यावीशी वाटली तर ज्या घरात राहाल तिथल्या वडीलधाऱ्यांच्या हातात एक चांगला सुऱ्यांचा संच किंवा इथला सुका मेवा द्या, पाहुणा नेतो तसा.

योग्य आहे का, हा तुमचा मूळ प्रश्न. मला वाटतं, हो, पण पाहुण्यासारखं जाणाऱ्यालाच. सायकलचा एक फायदा आहे. ती आवाज करत नाही, धूर सोडत नाही, आणि दमल्यावर माणूस थांबतो, बसतो, बोलतो. तीस गाड्यांचा ताफा तलावावर जाऊन तासाभरात परततो, त्यापेक्षा हे मला शंभरदा पटतं.

कुत्र्यांची मला फार भीती वाटते. तिथली कुत्री मोठी असतात ना? (वाघोडिया रोड)

मोठी असतात आणि त्यांचं काम लांडग्यापासून कळप राखणं आहे. तंबूकडे सायकलवरून थेट जाऊ नका. लांबूनच उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, पळू नका, आणि 'जुले' (लडाखी नमस्कार) म्हणून मोठ्याने हाक द्या म्हणजे मालक बाहेर येईल. गावांजवळ आणि सैन्याच्या तळांजवळ मोकाट टोळकी असतात, ती जास्त त्रासाची. उष्टं-खरकटं टाकू नका, त्याच्यावरच ती वाढली आहेत. जाण्याआधी रेबीजच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, एकटीनेच नाव नोंदवायचं म्हणते. तंबूतलं राहणं, शौचालय, पाळी, फोन लागत नाही... मी आई म्हणून काय विचारावं? (निजामपुरा)

ताई, तुमची काळजी बरोबर आहे. आयोजकाला फोन करा आणि हे विचारा: तुकडीत दुसरी बाई असेल का, गाइड किंवा मदतनीस बाई असेल का, तंबू कोणाबरोबर वाटायचा, शौचालयाचा वेगळा तंबू असतो का आणि तो झऱ्यापासून किती लांब लावतात, सोबतची गाडी दिवसभर मागे असते की थेट मुक्कामाला पोचते, ऑक्सिजन किती, आणि लेहच्या हॉस्पिटलपर्यंत कुठल्या मुक्कामावरून किती तास लागतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा आयोजक बघा.

पाळीबद्दल. उंचीमुळे कधी लवकर येते, कधी उशिरा, म्हणून तारीख काहीही असली तरी सामान घेऊनच जायचं. वापरलेले पॅड जमिनीत पुरायचे नाहीत, कुत्री उकरतात आणि तिथल्या थंडीत काही कुजत नाही. बंद पिशवीत भरून लेहपर्यंत आणायचे. आमच्या तुकडीत हे सगळ्यांसमोर, पुरुषांसमोरही, पहिल्याच संध्याकाळी सांगते.

फोनचं: गुजरातचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. तेही मधले दोन-तीन दिवस लागणार नाही, कोरझोकला लागेल तेव्हा लागेल. कुठल्या मुक्कामावरून फोन येणार नाही हे आधीच कागदावर लिहून तुमच्याकडे ठेवायला तिला सांगा. मग ती रात्र तुम्हाला तेवढी जड जाणार नाही. सॅटेलाइट फोन देऊन पाठवू नका, परवानगीशिवाय तो आपल्या देशात वापरता येत नाही. आणि जाऊ द्या तिला. अशा मुली माझ्याबरोबर आल्या आहेत, आणि सायकलवर त्या मुलांपेक्षा समजूतदार असतात.

मी ७१ वर्षांचा, निवृत्त शिक्षक. हिवाळ्यात दर आठवड्याला वढवाणा तलावावर पक्षी बघायला जातो. पट्टकादंब हंस उन्हाळ्यात तुमच्या त्या तलावांवर असतात असं वाचलं. सायकल जमणार नाही, पण गाडीत बसून येता येईल का?

सर, तुमच्या पत्राने फार आनंद झाला. वढवाणा सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला, आणि २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. त्सो मोरीरी त्या यादीत २००२ पासून आहे, त्सो कार २०२० पासून. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस उन्हाळ्यात अशाच उंच तलावांवर अंडी घालतात आणि हिवाळ्यात आपल्याकडे सपाटीवर उतरतात. हिमालय ओलांडताना ते ७,००० मीटरच्याही वर उडाल्याची नोंद यंत्रं लावून झाली आहे. आम्ही वर्दळीच्या हंगामात गेलो की त्सो मोरीरीच्या दलदलीच्या टोकाला पिल्लांसह दिसतात. काळ्या मानेचे क्रौंचही दिसतात, लडाखचा तो राज्यपक्षी. त्यांची घरटी दलदलीत जमिनीवर असतात आणि मोकाट कुत्री अंडी फस्त करतात, म्हणून काठाजवळ आम्ही थांबत नाही. तलावाच्या काठावर तंबू लावायलाही बंदी आहे, मुक्काम मागे कोरझोकमध्ये.

गाडीतून येता येईल, सोबतच्या गाडीत पुढची जागा असते. पण सर, गाडीत बसलेल्या माणसालाही हवा तेवढीच विरळ मिळते. उलट सायकलवाल्यापेक्षा गाडीवाला पटकन वर पोचतो, म्हणून त्याला जास्त जपावं लागतं. हृदयाची आणि फुप्फुसाची तपासणी करून घ्या, लेहमध्ये तीनऐवजी चार-पाच रात्री राहा. डॉक्टर लेहच्या वर नको म्हणाले तर त्यांचं ऐका. तेव्हा लेहजवळ सिंधूकाठी, शेच्या दलदलीतही खूप पक्षी आहेत, मी तिथे तुमची सोय करून देईन. दुर्बीण तुमचीच आणा.

कधी निघावं? गणपतीच्या आत परत यायचंच आहे. (सुरसागरजवळून पाच मित्र)

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हा रस्ता साधारण चालू असतो. मला जुलै आवडतो. झऱ्यांना पाणी असतं, कुरणं हिरवी असतात, कोरझोकच्या मठाचा गुस्तोर उत्सव साधारण याच हंगामात येतो आणि त्यासाठी लांबून चांगपा कुटुंबं जमतात. दिवस तिबेटी पंचांगावर ठरतो, गाइडकडून विचारून घ्या. रात्री मात्र जुलैतही पाणी गोठायच्या जवळ जातं, स्लीपिंग बॅग त्या हिशोबाने घ्या. दुपारच्या उन्हाला कमी समजू नका, मानेवर आणि कानांवर क्रीम लावा.

लडाख पर्जन्यछायेत असलं तरी ऑगस्टमध्ये ढगफुटी होऊ शकते. २०१० च्या ऑगस्टमध्ये लेहमध्ये झाली ती सगळ्यांच्या लक्षात आहे. म्हणून ओढ्याच्या पात्रात तंबू लावू देऊ नका, आकाश निरभ्र असलं तरी. परतीचं विमान ठरवताना दोन दिवस राखीव ठेवा, लेहहून विमानं हवेमुळे रद्द होतात. परवान्यांचे आणि पर्यावरण शुल्काचे नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात आयोजकाकडून पक्कं करून घ्या आणि ओळखपत्राच्या चार प्रती जवळ ठेवा. नाक्यांवर लागतात.

पाच मित्र आहात तर सायकली मार्चमध्येच दुकानात घेऊन या. हब (चाकाचा मधला भाग) आणि हेडसेट (हँडलखालची बेअरिंग) उघडून बघायला मला वेळ लागतो, आणि तुम्हाला नवीन टायरवर पावागढ चढायला तीन-चार महिने मिळतील. मूर्तीची ऑर्डर जायच्या आधी देऊन टाका, परत येईपर्यंत मांडवीत हवी तशी मूर्ती शिल्लक राहत नाही.